हातचा मळ

शाळा उघडायच्या आधीचा रविवार म्हणजे नाशिकच्या मेन रोडला गाडी लावायचा विचारसुद्धा करू नये, तरी मी केला, आणि शेवटी रविवार कारंजाच्या अलीकडेच कुठेतरी स्कूटी ठेवून भाच्याला हाताला धरून चालत चालत बुटांच्या दुकानात पोचले. भाच्याला इथे चिकू म्हणू, खरं नाव लिहिलं तर मोठा झाल्यावर वाचेल आणि भांडेल माझ्याशी. चिकू आता तिसरीत. काळे शाळेचे बूट हवे होते, वेल्क्रोचे. दुकानदार काका म्हणाले, ताई या मापात वेल्क्रो येत नाही, वेल्क्रो केजीच्या पोरांना, तिसरीपासून लेसच. मी म्हटलं बरं, बघते दुसरीकडे, तर काका अगदी प्रेमाने, चिकूच्या गालाला हात लावत म्हणाले, "एवढा घोडा झाला आणि लेस नाही बांधता येत व्हय रे?" त्यांच्याकडचा मदतनीस पोरगा, असेल सोळा-सतरा वर्षांचा, तोवर चिकूच्या पायात बूट चढवून बसलासुद्धा होता उकिडवा. त्याने लेस बांधली. बांधताना तो बाहेर रस्त्यावर बघत होता, कुणाची तरी बाईक अडकली होती आणि हॉर्नवर हॉर्न चालले होते, तर मान तिकडे आणि हात इकडे, आणि दोन सेकंदात सुरगाठ तयार, दोन्ही कान सारखे. चिकू काकांच्या बोलण्याने हिरमुसला वगैरे काही नाही. तो त्या पोराच्या बोटांकडे बघत होता. घरी येताना अशोक स्तंभाच्या सिग्नलला मागून कानाशी येऊन विचारतो, "आतू, तो न बघता कसं बांधतो गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

काकांचं बोलणं मी दोन दिवसांत विसरले, हे मात्र डोक्यातून जाईना. रात्री सगळे झोपल्यावर मी माझा चालायला जायचा बूट मांडीवर घेऊन बसले आणि हळू हळू लेस बांधून बघितली, प्रत्येक पायरी मोजत, आणि गंमत म्हणजे मला जमेचना. घाईत बांधली की जमते. हळू केलं, बोटांकडे बघितलं, की कुठलं टोक कुठल्या बोटाखाली जातं हेच कळत नाही. एक टोक धरून ठेवायचं पण आवळायचं नाही, दुसरं त्याच्याभोवती फिरवायचं, अंगठ्याने दाबलेली जागा सोडायची नाही, आणि जिथून कान बाहेर काढायचा ती फट आपल्याच बोटांनी झाकलेली असते. म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी डोळ्यांचा उपयोगच नाही. दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळी कामं करतात, आणि आपण त्याला हातचा मळ म्हणतो.

रोजची हातापायांची कामं जमावीत म्हणून चिकू ऑक्युपेशनल थेरपीला जातो. ते सेंटर गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. मी घरूनच लोकांची जीएसटीची कामं करते, त्यामुळे दुपारी त्याला नेण्या-आणण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दादा अंबडला शिफ्टमधे आणि वहिनी बँकेत. तर सेंटरच्या बाहेर चपलांचा रॅक आहे आणि त्याच्याकडे मी पूर्वी कधी नीट बघितलं नव्हतं, त्या रविवारनंतर बघितलं. सगळे वेल्क्रो. नाहीतर क्रॉक्स, नाहीतर सँडल. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मापाचेसुद्धा. आत गेलं की फिनेलचा आणि ओल्या रंगांचा वास, भिंतीपलीकडून ट्रॅम्पोलिनचा धप धप आवाज, आणि बाकड्यांवर आम्ही. एक आजोबा ओझरहून येतात, तिथल्या एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले, पेपर चौकोनी घडी घालून शब्दकोडं सोडवत बसतात आणि नात बाहेर आली की पेन खिशात. एक बाई सिन्नरहून एसटीने येते, मुलगा मांडीवर घेण्याच्या वयाचा राहिलेला नाही तरी मांडीवर घेऊन, आणि पिशवीत कायम शेंगदाण्याचे लाडू, आम्हा सगळ्यांना वाटते. एक बाप आहे, नवीन, त्याने दारातून आत डोकावून बघितलं की पोरगं झोक्यावर उपडं झोपून खालचे मणी वेचतंय, आणि मला म्हणाला, "मॅडम, झोके खेळायचे एवढे पैसे? आम्ही तर गंगेवर फुकट खेळलो सगळं." मी हसले. कारण पहिल्या आठवड्यात मीही दादाला हेच म्हटलं होतं, फक्त गंगेऐवजी (नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात) गोल्फ क्लबचं मैदान म्हटलं होतं.

झोक्यावर उपडं झोपून मान वर उचलून ठेवायची, हे करून बघा एकदा. मानेपासून कमरेपर्यंतचा सगळा पाठीचा भाग कामाला लागतो. हे मला तिथल्या दीदींनी सांगितलं (मुलं दीदी म्हणतात म्हणून आम्हीही दीदीच, त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील), की लिहिणारा हात बोटांपासून सुरू होत नाही. पोट आणि पाठ आधी स्थिर, मग खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटं. चिकूच्या स्नायूंचा ताण मुळातच कमी आहे, हात धरला तर पिठाच्या गोळ्यासारखा मऊ लागतो, त्यामुळे बाकावर ताठ बसण्यातच त्याची निम्मी ताकद जाते. मग तो डाव्या हातावर डोकं टेकवतो. डावा हात डोक्याखाली गेला की वही धरायला हात नाही. वही सरकते. अक्षर सरकतं. बाई म्हणतात, नीट बस. म्हणून इथे त्याला अस्वलासारखं चार पायांवर चालवतात, कुणीतरी पाय धरून त्याला नुसत्या हातांवर खोलीभर फिरवतात, कागद टेबलावर न देता भिंतीला चिकटवून उभ्याने चित्र काढायला लावतात म्हणजे मनगट मागे वळून राहतं, आणि घट्ट पुट्टीत, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या गोळ्यात, लपवलेले मणी बोटांनी उकरून काढायला लावतात. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तो पेन्सिल इतकी दाबून धरायचा की टोक मोडायचं, कागदाला भोक पडायचं, आम्हाला वाटायचं राग काढतोय. तर राग नव्हता. आपण किती जोर लावतोय याची खबर स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला मिळत असते, ती त्याला पुरेशी स्पष्ट मिळत नाही, म्हणून तो दाबून खात्री करून घेतो की पेन्सिल हातात आहे.

तो रांगलाच नाही कधी. बसल्या बसल्या सरकायचा, मग एकदम उभा. सतरा महिने पूर्ण होता होता चालला, तोवर माझ्या आईने ग्रामदैवतापासून कुलदैवतापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. पण आईच असंही म्हणायची की याचा बापही उशिराच चालला होता, आणि डॉक्टरही घाबरायचं कारण नाही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून 2006 साली बाळांच्या हालचालींचे जे तक्ते दिले, त्यात भारतातली मुलंही होती, त्यात आधाराशिवाय चालू लागण्याची मुदत साधारण 8 महिन्यांपासून थेट साडेसतरा महिन्यांपर्यंत आहे. आणि शंभरातली चारेक मुलं गुडघ्यावर न रांगताच पुढे जातात. म्हणजे चिकू प्रत्येक वेळी रेषेच्या आतच होता, काठावर, पण आत. अशी मुलं निसटतात. ज्याचं अगदीच काही होत नाही त्याला कुणीतरी उचलून डॉक्टरकडे नेतं, जो उशिरा का होईना करतो त्याला आळशी म्हणतात. सरकारी पातळीवर 2013 पासून आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात, हालचालीतला उशीरही त्यांच्या यादीत आहे, पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. कागदावर चांगलं आहे सगळं. पण गाडी भरून मुलं तपासायची असताना जो मुलगा चालतो, बोलतो, हसतो, कविता म्हणतो, त्याच्या शर्टाच्या बटणांकडे कोण बघणार?

आम्हाला कळलं ते डब्यामुळे. सिनियर केजीत असताना डबा रोज भरलेला परत यायचा. वहिनीने काय काय करून बघितलं, पराठ्याला चांदणीचा आकार दे, शिऱ्यात चेरी घाल, शाळेतून निरोप यायचा की खात नाही, लक्ष द्या. तो घरी आला की हातपाय न धुता तोच डबा ओट्यावर आईकडून उघडून घ्यायचा आणि थंडगार पराठा उभ्या उभ्या खायचा. उघडून घ्यायचा, हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर होत होतं. डब्याला दोन्ही बाजूंनी स्टीलच्या क्लिपा होत्या, घट्ट, नव्या. पाच वर्षांचं पोर चार-साडेचार तास उपाशी राहत होतं कारण त्याला क्लिप उघडत नव्हती आणि तसं बाईंना सांगायची लाज वाटत होती. पुढे मग मुलांच्या विकासाच्या डॉक्टर, तपासण्या, रेषेवरून चाल, एका पायावर उभा राहा, चेंडू झेल, मणी ओव, आणि शेवटी नाव मिळालं, डीसीडी, डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसॉर्डर. बुद्धी चांगली, कान-डोळे चांगले, हातपाय धडधाकट, पण हालचालींची जुळणी वयाच्या मानाने बरीच मागे. शाळेच्या वयातल्या शंभरात पाच-सहा मुलांना असतं म्हणे. म्हणजे पन्नासच्या वर्गात दोन-तीन. मी ते ऐकून गाडीवर बसेपर्यंत आमच्या वर्गातले दोन-तीन मनातल्या मनात शोधून काढले होते.

नाव मिळालं त्या रात्री वहिनी कित्येक महिन्यांनी शांत झोपली, आणि दादा झोपला नाही.

आमच्या पंचवटीतल्या शाळेत एक मुलगा होता. त्याला सगळे धांद्या म्हणायचे, धांदरट वरून. सरही म्हणायचे. कवायतीत डावीकडे वळ म्हटलं की तो आधी शेजारच्याकडे बघायचा आणि मग वळायचा, तोवर सगळी रांग सरळ झालेली असायची. 15 ऑगस्टला पाहुणे येणार म्हणून त्याला आदल्या दिवशी रांगेतून काढून पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं होतं, पेले विसळायला. लंगडीत पहिला बाद. शाईच्या पेनाने लिहायची सक्ती होती तर त्याची बोटं, ओठ, खिसा, सगळं निळं. लोक म्हणतात ना, आमच्या वेळी हे असले आजार नव्हते, मुलं मातीत खेळायची, गोट्या, विटीदांडू, सूरपारंब्या, त्यातच सगळी थेरपी व्हायची. मला हे अर्धंच पटतं. खेळून हात तयार होतात हे खरं. पण जे पोरगं पहिल्या फटक्यात बाद व्हायचं ते पुढचा तासभर कट्ट्यावर बसून असायचं, त्याला खेळायला मिळायचं कुठे? ज्यांना गरज नव्हती त्यांनाच ती फुकटची थेरपी मिळायची. असली मुलं तेव्हाही होतीच की. डिसॉर्डरच्या ऐवजी टोपणनाव होतं. धांद्या मला मागे बुधवारच्या बाजारात भेटला, घाटावर, मेथीच्या जुड्या निवडत होता. इन्शुरन्सचं काम करतो, बोलण्यात एकदम पटाईत, दोन मुली आहेत. चाळिशी ओलांडलेला माणूस, अंगात टी-शर्ट, पायात वेल्क्रोचे सँडल. मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?

परवा वाचत होते तर कळलं की आपल्या देशात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच मुळी मुंबईत, केईएम हॉस्पिटलमधे, 1950 साली, आणि ते सुरू केलं कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्न होऊन इथल्या झाल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेचं नाव त्यांच्यावरूनच. दोन वर्षांनी, 1952 साली, या थेरपीची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा सुरुवातीच्या दहा देशांत भारत होता. म्हणजे ही काही कालपरवा आलेली शहरी फॅशन नाही. पण आमच्या सोसायटीत अजूनही लोक फिजिओ म्हणतात, आणि मीही सोडून दिलंय, फिजिओ म्हटलं की निदान पुढचे प्रश्न थांबतात.

गेल्या डिसेंबरात मामाच्या बागेत गेलो होतो, दिंडोरीकडे. विरळणी चालली होती. द्राक्षाचे मणी बाजरी-ज्वारीएवढे असताना घडातले जास्तीचे मणी काढून टाकतात, नाहीतर मणी फुगत नाही आणि एक्स्पोर्टला घड चालत नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात या कामाला. मांडवाखाली मान वर करून दिवसभर उभं राहायचं, डाव्या हाताने घड नुसता तोलून धरायचा आणि उजव्या हातातल्या बारीक टोकदार कात्रीने एकेक देठ कापायचा, शेजारच्या मण्याला टोक लागता कामा नये. हात सतत खांद्याच्या वर. सकाळची थंडी अशी की बोटं वाकत नाहीत. माझ्या मनात लगेच सेंटर सुरू, खांदा स्थिर, मनगट मागे, दोन हातांची वेगळी कामं, हे काही खरं नाही, माणूस कुठेही गेला तरी तेच दिसतं. चिकू खाली उलट्या क्रेटवर बसून बघत होता. एका मावशींनी त्याला काढून टाकलेला एक घड दिला आणि आपली जादाची कात्री दिली. मी पुढे होणार होते सांगायला की त्याला कात्री चालवता येत नाही, आणि थांबले, कारण त्या कात्रीला स्प्रिंग होती. आपण दाबायचं, उघडते ती आपली आपण. सेंटरमधे दीदी नेमकी अशीच आपोआप उघडणारी कात्री देतात मुलांना, कारण कात्री मिटवणं सोपं असतं आणि उघडणं अवघड. मावशींनी त्याच्या डाव्या हाताखाली आपला हात धरला, म्हणाल्या, "धरू नको, नुसता ठेव." मग कट. एक मणी पडला. मग दुसरा. तिसऱ्याला दोन पडले. मावशी म्हणाल्या, हात गार पडलेत पोराचे, उन्हात बस आधी, मग कर. एवढंच. ना कौतुक, ना काळजी. आम्ही घरी त्याने बटण लावलं तरी टाळ्या वाजवतो, आणि त्याला ते टाळ्या वाजवणं आवडत नाही हे मला त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. तो घड त्याने अर्ध्या तासात पार बोडका करून टाकला. मामा म्हणाला, बरं झालं वाया गेलेला दिला.

झोक्यांचं म्हणाल तर, त्यामागे अमेरिकेतल्या जीन एयर्स यांचा विचार आहे. त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या आणि 1960-70 च्या दशकांत त्यांनी मांडलं की कानाच्या आतला तोल, सांध्या-स्नायूंची खबर, स्पर्श, या सगळ्यांची मेंदूत नीट सांगड बसली नाही तर शिकणं अडतं. चिकूचे पाय जमिनीवरून सुटले की तो आधी पांढरा पडायचा, सरकत्या जिन्यावर तर दादा त्याला उचलूनच घ्यायचा, ते आता खूप कमी झालंय. पण दीदी एक गोष्ट स्पष्ट सांगतात आणि मला त्या त्यामुळेच आवडतात. नुसते झोके घेऊन लेस बांधता येत नाही. लेस बांधायला लेसच बांधावी लागते. डीसीडीसाठी अलीकडे जगभर यावरच भर आहे, जे काम शिकायचं तेच काम, छोट्या तुकड्यांत, खऱ्या जागी. कॅनडात एक पद्धत तयार झालीय, त्यात मूल स्वतः ठरवतं की मला काय यायला हवंय, मग युक्ती ठरवतं, करून बघतं, आणि जमलं की नाही ते स्वतःच तपासतं. चिकूला पहिल्यांदा विचारलं तुला काय शिकायचंय, तर आम्हाला वाटलं म्हणेल अक्षर, किंवा बटण. तो म्हणाला, डोसा कापायला. बाहेर हॉटेलात गेल्यावर सगळे काट्या-चमच्याने खातात आणि त्याच्या ताटात त्याची आई तुकडे करून देते, हे त्याला दोन वर्षं बोचत होतं आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही.

लेस शिकवायला दीदींनी उलटीकडून सुरुवात केली. एक लेस लाल, एक पिवळी, म्हणजे कुठली कशावरून जाते ते डोळ्याला सापडतं. सगळी गाठ दीदी बांधून देणार आणि शेवटचे दोन कान ओढायचं काम तेवढं चिकूचं. म्हणजे पहिल्याच दिवशी गाठ त्याच्या हातून पूर्ण होते. ते हातात बसलं की शेवटून दुसरी पायरी त्याची. अशी एकेक पायरी मागे मागे. आपण सगळं नेहमी सुरुवातीपासून शिकवतो, आणि मूल मधेच कुठेतरी थकून सोडून देतं, पूर्ण झाल्याचा आनंद कायम दुसऱ्याच्याच हाताला. मी दीदींना सिग्नलवरचा तो प्रश्न विचारला, न बघता कसं जमतं. त्या म्हणाल्या, एक मांडणी अशी आहे की हात हलायच्या आधीच मेंदू अंदाज बांधतो की आता असं होईल, आणि मग प्रत्यक्षात झालं ते आणि अंदाज जुळवून बघतो. अंदाज पक्का झाला की डोळे मोकळे, मग रस्त्यावर बघा नाहीतर गप्पा मारा. या मुलांचा तो अंदाज कच्चा राहतो म्हणून त्यांना प्रत्येक हालचालीवर डोळ्यांनी पहारा ठेवावा लागतो. मी हे चिकूला त्याच्या भाषेत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून मी दमतो." मग म्हणाला, "हे बाईंना सांग."

बाईंना सांगायचं म्हणजे दिव्य. बाई वाईट नाहीत, साठ मुलं आहेत त्यांच्याकडे आणि वह्या तपासायला येणारे साहेब आहेत. वहीवर लाल शेरा ठरलेला, अक्षर सुधारा. देवनागरी तर अशा मुलांचा अंतच बघते, अक्षर काढून झालं की हात उचलून परत डावीकडे जा, वरून रेघ ओढ, मग वेलांटी उलटी की सुलटी, मग टिंब नेमकं डोक्यावर. चिकूची शिरोरेषा डोंगररांगेसारखी जाते आणि खालची अक्षरं तिच्यापासून सुटून पडतात. पाठ विचारा, धडाधड सांगतो, लिहायला दिलं की तीन ओळींत पेन खाली. आम्ही डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो की लिहायला थोडा जास्त वेळ द्या, फळ्यावरचं उतरवायचं कमी द्या. ऑफिसमधून विचारलं, सर्टिफिकेट आहे का? तर घोळ असा की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी आहे, ऑटिझम आहे, शिकण्यातली अक्षमता आहे आणि तिच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया (डीसीडीचंच दुसरं नाव) हा शब्दही आहे, पण डीसीडी या नावाने वेगळं काही नाही. मूल इकडेही नाही आणि तिकडेही नाही. दादाला तर आतून बरंच वाटलं सर्टिफिकेट नाही ते, वहिनीला राग आला, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी बाईंनी आपल्या अखत्यारीत एक केलं, त्याला मधल्या रांगेतून उचलून पुढे आणलं आणि पायाखाली लाकडी पाट दिला, कारण त्याचे पाय लोंबकळत होते. पाट शाळेच्या देवघरातला आहे, सरस्वतीपूजनाचा. त्या पाटाने किती फरक पडला सांगू, पण हे कुठल्या नियमात बसतं कुणास ठाऊक.

घराचं म्हणाल तर घराचं सेंटर झालंय, आणि हे मला आवडतंच असं नाही. मटार सोलणं म्हणजे चिमटीचा व्यायाम, कणिक मळणं म्हणजे तळव्याचा, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं बोटांचा, बादली उचलून बाल्कनीत नेणं खांद्याचा. दीदी म्हणतात घरातलीच कामं द्या, वेगळं काही आणू नका, आणि बरोबर आहे ते. पण पूर्वी तो मटार सोलायला बसायचा तो दाणे खायला. आता त्याला माहीत असतं की कुणीतरी मोजतंय. एकदा आईने करंजीला मुरड घालायला बसवलं तर मला हळूच विचारतो, "आतू, हे खेळायचंय की करायचंय?" मी म्हटलं, खायचंय. तेवढ्यापुरतं निभावलं. आणि सकाळचे सात वाजले की सगळं ज्ञान गुंडाळून ठेवायचं, व्हॅन खाली हॉर्न मारते, वहिनी खाली वाकून त्याची बटणं फटाफट लावते, आई मोजे चढवते, मी दप्तर धरते, तिघी मिळून त्याला तयार करतो आणि तो मधे हात पसरून उभा. त्याच्या हाताला ताकद येईल, युक्ती येईल, पण वेळ कुठून आणायचा, ही थेरपी अजून कुठल्या सेंटरला मिळत नाही. आता असं ठरलंय की शनिवारी शाळा उशिरा असते तेव्हा सगळं त्याचं तो करणार आणि बाकी कुणी त्या खोलीत जायचं नाही. आई देवापुढे बसते आणि दर मिनिटाला विचारते, झालं का रे. हात मागे बांधून बसणं आम्हालाच जड जातं.

सध्या सायकलचं वेड आहे. सोसायटीतली त्याच्याहून लहान पोरं चालवतात म्हणून त्याचं या महिन्याचं काम त्याने स्वतः ठरवलंय, सायकल. आम्हाला वाटलं बाजूची छोटी चाकं लावायची, दीदी म्हणाल्या अजिबात नाही, त्याने तोल शिकतच नाही, उलट पेडल काढून टाका आणि सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, मग पायाने ढकलत ढकलत फिरू दे, एक दिवस आपोआप पाय उचलेल. दादाने रात्री पार्किंगमधे पाना घेऊन पेडल काढली, डावं पेडल उलटीकडे फिरतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, अर्धा तास घाम गाळला. आता रोज संध्याकाळी चिकू बिनपेडलच्या सायकलवर पार्किंगभर फरफटत फिरतो, बुटांची टोकं घासून पांढरी झालीत, नवेच होते, मेन रोडला शेवटी तिसऱ्या दुकानात मिळाले. येणारे-जाणारे थांबून बघतात. काल तळमजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, अहो सायकल बिघडलीय का त्याची, आमच्या ओळखीचा आहे एक, सातपूरला, नीट करून देतो. आई मेथी निवडत बसली होती. हे सगळं, तोल, पेडल, डीसीडी, समजावून सांगायचं म्हणजे दिवेलागण व्हायची. म्हणाली, "हो ना, बिघडलीय, दिवाळीनंतर बघू."

तेवढ्यात चिकू समोरून गेला, दोन्ही पाय उचललेले, असतील दोनेक फूट, आणि सरळ काकूंच्या तुळशीच्या कुंडीला जाऊन धडकला. त्यावरून आज सकाळपासून काकू आणि आईचं बोलणं बंद आहे.